दूध संस्था: चेअरमन एक पैसा खात नाही, मग 'वाढ' जाते कुठे?

ताळेबंद

निवडणुकीच्या दिवसांत गावोगावी एकच वाक्य ऐकू येतं, "आमचा चेअरमन स्वच्छ आहे, चहासुद्धा घरचा पितो." चहाचं राहू द्या. प्राथमिक दूध संस्थेत पैसा तिजोरीतून क्वचितच जातो. तो काट्यावर जातो, फॅटच्या मशीनमध्ये जातो, आणि तिथून गेला की किर्दीत त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून नेतृत्वाच्या प्रामाणिकपणाची चर्चा स्वभावावर न करता हिशेबावर करावी, यासाठी हा धागा.

उदाहरणादाखल २०० उत्पादकांची म्हशीच्या दुधाची संस्था घेऊ. दोन वेळचं मिळून रोज २,००० किलो संकलन, म्हणजे प्रत्येकाचं एका वेळेला सरासरी ५ किलो.

उत्पादकांच्या नावावर लिहिलेलं दूध २,००० किलो, सरासरी फॅट ६.८. म्हणजे १३६ किलो फॅटचे पैसे दिले.

संघाच्या (संस्था ज्याला दूध घालते तो दूध संघ) पावतीवर २,०१२ किलो, फॅट ६.९. म्हणजे १३८.८३ किलो फॅटचे पैसे आले. शिवाय गावात रतीब विक्री १८ किलो, त्यात १.२२ किलो फॅट. बाहेर गेलेलं एकूण १४०.०५ किलो.

आत १३६, बाहेर १४०.०५. हा चार किलोंचा फरक म्हणजे 'वाढ'. फॅट किलोला ७०० रुपये धरले तर रोज २,८०० रुपयांच्या वर, वर्षाला दहा लाखांच्या आसपास. यातली जवळपास निम्मी वजनात आहे (३० किलो जास्तीचं दूध) आणि उरलेली ०.१ फॅट कमी लावल्याची.

आता ही वाढ कुणाच्या नावावर पडते, हा खरा प्रश्न. तीन वाटा आहेत. एक, संस्थेच्या नफ्यात उघड दिसते. दोन, 'घट' दाखवून खाऊन टाकली जाते. तीन, आणि ही सगळ्यात बेमालूम, एखाद्या नातेवाइकाच्या कोडवर (उत्पादकाच्या खाते क्रमांकावर) दूध म्हणून चढते. तिसऱ्या वाटेत आवक-जावक तंतोतंत जुळते, ताळमेळ शून्य येतो आणि लेखापरीक्षक समाधानाने सही करून जातो.

जाणकारांनी आपापला भाग लिहावा: काटा, मशीन, कायदा, उचल, पशुखाद्य. राजकीय पक्षांची नावं नकोत.

डिग्रीवाला

मशीनपासून सुरू करतो.

आजकाल बहुतेक ठिकाणी अल्ट्रासॉनिक मिल्क अ‍ॅनलायझर आहेत. प्रत्येकात 'करेक्शन' नावाची सोय असते, कारण कंपनीतून आलेलं मशीन स्थानिक दुधाशी जुळवून घ्यावं लागतं. गाय आणि म्हैस यांचं करेक्शन वेगळं. त्याच मेनूत जाऊन फॅट उणे ०.१ केलं की काम झालं. बाहेरून काहीच दिसत नाही, पावतीही छापील निघते आणि 'मशीनने दिलंय, मी काय करू' हे उत्तर तयार असतं.

खरं-खोटं करायची रीत जुनीच, फॅटची गर्बर चाचणी. ब्युटायरोमीटरमध्ये (खुणांच्या काचबाटलीत) आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध कडेने हळू सोडायचं, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नीट हलवायचं (फडक्यात धरून, बाटली चांगलीच तापते), सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांवर ५ मिनिटं, मग ६५ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं आणि वाचन. दुधाच्या आधी अल्कोहोल पडलं, आम्ल जास्त तीव्र असलं किंवा दूध एकदम ओतलं तर स्तंभाच्या बुडाशी काळं साचतं आणि वाचन फसतं. असं वाचन धरायचं नाही, पुन्हा करायचं.

समितीने दर दहा दिवसांच्या बिलाआधी, कुठलाही वार न ठरवता, पाच कोड निवडून त्यांच्या नमुन्याचं गर्बर करावं आणि मशीनच्या आकड्याशेजारी लिहावं. एखाद्या नमुन्यात ०.१ इकडे-तिकडे होणारच, त्यावरून कुणाला धरू नये. पण चूक खरी असेल तर ती कधी वर जाते, कधी खाली. दहापैकी दहा वेळा मशीन खालीच दाखवत असेल तर ती चूक नाही, सेटिंग आहे.

आणखी एक, ज्याकडे कुणी बघत नाही. मशीन ६.४८ वाचतं. सॉफ्टवेअर ते ६.५ करतं की ६.४? शेवटचा अंक नुसता छाटणारं सेटिंग असेल तर प्रत्येक नमुन्यात सरासरी ०.०५ फॅट जातं. करेक्शनला हात न लावता.

मुऱ्हा

डिग्रीवाले, मशीनला दोष देण्याआधी हेही लिहा की धारेचं ताजं, फेसाळ दूध लगेच मशीनला लावलं की हवेच्या बुडबुड्यांमुळे एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) चुकतो. आणि मशीन धुतलेलं नसतं. सकाळी शंभर नमुने ओढून नळी तशीच सोडली की संध्याकाळी काहीही आकडे येतात. त्यात कुणाचा डाव नसतो, आळस असतो.

डिग्रीवाला

मान्य. नमुने संपले की कोमट पाण्याने, मग कंपनीने दिलेल्या क्षारीय द्रावणाने रोज, आणि ठरल्या दिवशी आम्लाच्या द्रावणाने धुलाई. याची वही असावी, तारीख आणि सही. पण आळसाचा फायदा प्रत्येक वेळी संस्थेलाच कसा होतो, हा प्रश्न उरतोच.

एसएनएफवरून आठवलं. जिथे अजून डिग्री (लॅक्टोमीटर) लावून हिशेब होतो तिथे सूत्र विचारा. सीएलआर म्हणजे तापमानाची दुरुस्ती केलेलं लॅक्टोमीटरचं वाचन. एक प्रचलित सूत्र: सीएलआर भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२५, अधिक ०.४४. दुसरं: सीएलआर भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. सीएलआर २८ आणि फॅट ३.५ असलेल्या गाईच्या दुधाला पहिल्याने ८.३१ येतो, दुसऱ्याने ८.०९. दूध तेच, दोन पॉइंटांचा फरक (पॉइंट म्हणजे ०.१). संघ एका सूत्राने घेतो आणि संस्था दुसऱ्याने देते, असं असेल तर कुणीही खोटं न बोलता उत्पादक बुडतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या पायावर ठरतो, त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. त्यामुळे हे दोन पॉइंट थेट खिशातून जातात.

वैरणकाडी

काट्याबद्दल मी लिहिते.

पहिली गोष्ट, क्रम. आधी काटा, मग नमुना. उत्पादकाच्या किटलीतून आधी ५० मिली नमुना काढून घ्यायचा आणि उरलेलं दूध काट्यावर ओतायचं, ही पद्धत असेल तर ते ५० मिली फुकट गेलं. ४०० नमुन्यांचं रोज २० लिटर. काट्यावरच्या बादलीत दूध ओतून, वजन लागल्यावर, ढवळून नमुना काढला तर नमुन्याचे पैसे उत्पादकाला मिळालेलेच असतात. खर्च शून्य, फक्त माणसाने हात आधी कुठे घालायचा एवढंच. ढवळणं मात्र विसरायचं नाही. साय वर असते, वरचं घेतलं तर फॅट जास्त, तळाचं घेतलं तर कमी. ओळखीच्या माणसाला वरून, बाकीच्यांना तळातून, असाही 'कारभार' चालतो.

दुसरी, अंशांक. काटा १०० मिलीच्या टप्प्याने दाखवत असेल आणि खालचा आकडा धरत असेल तर ४.९९ चे ४.९ होतात. सरासरी ५० मिली प्रत्येक खेपेला जातात. पुन्हा ४०० गुणिले ५०, रोज २० लिटर. १० मिलीचा टप्पा केला की हीच गळती सरासरी ५ मिलीवर येते, रोजची २ लिटर. आणि जवळच्या आकड्याला पूर्ण करायचं सेटिंग असेल (खाली छाटायचं नाही) तर सरासरी गळती राहतच नाही.

तिसरी, लिटर की किलो. दुधाची घनता साधारण १.०३. म्हणजे एक लिटर दूध १.०३ किलो. काटा लिटर दाखवत असेल तर आत कुठेतरी १.०३ ने भागाकार चालू असतो. तपासणी सोपी आहे: १ किलोचं प्रमाणित वजन ठेवा, लिटर मोडमध्ये ०.९७ दिसलं पाहिजे. ०.९६ किंवा ०.९५ दिसलं तर भाजक वाढवलाय. आणि उत्पादकाचं फॅट लिटरवर काढायचं, संघाकडून मात्र किलोवर घ्यायचं, असं असेल तर तीन टक्के वाढ बसल्या जागी.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाल्यांकडून दर वर्षी पडताळणी व्हावी लागते. शिक्का आणि प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. ५ आणि २० किलोची वजनं काट्याशेजारी ठेवावीत आणि संकलन सुरू होण्याआधी रांगेतल्या पहिल्या माणसाने ती ठेवून बघावीत. सचिवाने नाही, रांगेतल्या माणसाने.

निथळ

सगळे संस्थेवरच घसरलेत म्हणून दुसरी बाजू. संस्थेला घट असते हो. कॅनला चिकटलेलं दूध, सांडलेलं, गाडीत हिंदकळलेलं, एखादी पाळी आंबलेली. संघाच्या डॉकवर वजन कमी भरलं तर फरक कोण देणार? थोडी वाढ हाताशी नसेल तर सचिवाच्या पगारातून कापणार का? आधीच पगार तुटपुंजा, पहाटे चारला उठायचं, वर्षाला एक सुट्टी नाही. आणि बऱ्याच संस्थांत ही वाढ कुणी खात नाही, दिवाळीला फरक म्हणून लिटरमागे परत देतात. चेअरमन एक रुपया घेत नाही, लोक खूश असतात. यात अप्रामाणिक काय आहे ते कुणीतरी सांगा.

ताळेबंद

निथळराव, नेमका यासाठीच धागा काढला. घटीचं आधी घेतो.

घट असते, नाकारत नाही. पण तिचं वेगळं रकाना-खातं असावं: तारीख, पाळी, किती किलो, कारण, सही. वरच्या उदाहरणातल्या संस्थेत नमुना आधी काढून आणि वजन खाली छाटून रोज ४० लिटर, म्हणजे ४१ किलो वाढ व्हायला हवी होती, प्रत्यक्ष ३० किलोच दिसली. मधले अकरा कुठे गेले? सांडले असतील तर लिहा. कॅन निथळत ठेवले, तळ पुसून घेतले तर चिकटलेलं दूध फार नसतं. बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) असेल तर मोजपट्टीचं वाचन फेस बसल्यावर घ्यायचं आणि टाकी समपातळीत आहे का ते पाहायचं. टाकी एका बाजूला जरा कलली तरी पट्टी चुकीचे लिटर दाखवते, आणि तिथली 'घट' प्रत्यक्षात कुठेच गेलेली नसते.

घटीपोटी सगळ्यांकडून आधीच कापून ठेवायचं असेल तर सभेत ठराव करा. शेकडा इतकी घट मान्य, बाकीची समितीपुढे. न सांगता कापलेली आणि ठराव करून कापलेली, रक्कम एकच असली तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वैरणकाडी

आणि दिवाळीच्या फरकाचं मी सांगते, निथळदादा. हिशेब करून बघा.

एक बाई एका म्हशीचं २ लिटर घालते. एक संचालक दहा म्हशींचं २० लिटर घालतो. खाली छाटणं आणि नमुना मिळून दोघांचं प्रत्येक खेपेला सरासरी १०० मिली जातं. कारण छाटणं आणि नमुना हे किटलीमागे असतं, लिटरमागे नाही. बाईचं पाच टक्के गेलं, संचालकाचं अर्धा टक्का.

दिवाळीला ते २०० मिली 'परत' आले, लिटरच्या प्रमाणात वाटून. २२ भाग, त्यातले २ बाईचे. तिला १८ मिली मिळाले, संचालकाला १८२. म्हणजे त्याने गमावले १०० आणि कमावले १८२. तिने गमावले १०० आणि मिळाले १८. वर त्याच्या हातून मिठाईचा पुडा.

चेअरमनने एक पैसा खाल्ला नाही हे मान्य. पण दोन लिटरवालीच्या किटलीतून वीस लिटरवाल्याच्या किटलीत रोज दूध ओतलं जातंय आणि ते त्याच्याच सहीने.

मुऱ्हा

हे असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. बरोबर आहे गणित.

निथळ

गणित बरोबर आहे. पण फरक द्यायचाच नाही का मग?

वैरणकाडी

द्या की. संघाकडून आलेला दर फरक, पशुखाद्याचं कमिशन, बचत झालेला खर्च, हे खरं उत्पन्न आहे, ते वाटा. चोरून कापलेलं दूध वाटू नका. आणि वर्षाच्या मध्यात म्हैस विकलेली, गाव सोडून गेलेली, सभासद नसलेली माणसं फरकाच्या यादीत नसतात. त्यांचं गेलेलं गेलंच.

खिल्लार

अमूलचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून. खेडा जिल्हा संघाची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ ची. कुरियनांचं नाव सगळे घेतात, पण संघाचे चेअरमन होते त्रिभुवनदास पटेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पायउतार झाले तेव्हा गावच्या संस्थांनी सभासदामागे एक रुपया काढून सहा लाखांची थैली दिली. त्यांनी ती घरी नेली नाही, गावांतल्या आरोग्याच्या कामासाठी त्यातून त्रिभुवनदास फाउंडेशन उभं राहिलं. आणि आणंद (अमूलचं गाव) पद्धतीचा खरा कणा हाच: जो आधी आला तो आधी ओतणार, जात कुठलीही असो, आणि मोबदला प्रत्येकाच्या नमुन्यावर.

डिग्रीवाला

मोठी माणसं. पण असं उदाहरण दिलं की आपले चेअरमन लगेच थैली नाकारल्याचा फोटो काढतात. रांगेचा मुद्दा घ्या त्यातला. चेअरमनची किटली रांगेत येते की मागच्या दाराने? त्याचा नमुना त्याच मशीनवर त्याच वेळी लागतो की 'नंतर लावतो' म्हणून बाटली बाजूला ठेवतात? रोजच्या यादीत संचालकांच्या कोडचं फॅट बाकीच्या सरासरीशी लावून बघा, तीन महिन्यांचं. सगळ्या संचालकांच्या म्हशी गावापेक्षा अर्ध्या फॅटने सरस असतील तर रेतन कुठल्या वळूचं केलंत ते गावालाही सांगा म्हणावं.

सहकार_वाचक

बोगस कोड कसा ओळखायचा ते लिहितो, कारण ताळेबंद यांनी म्हटल्याप्रमाणे ताळमेळात तो सापडत नाही.

जनावर आटतं. गाभण असतं, वितं, उन्हाळ्यात दूध कमी होतं. खऱ्या कोडचा वर्षाचा आलेख वर-खाली होतो, मध्ये दोन-अडीच महिने शून्यही येतं. बोगस कोड वर्षभर चालू, दिवाळीत चालू, मुलीच्या लग्नादिवशीही चालू. फॅट नेहमी त्या दिवसाच्या सरासरीजवळ, कारण ते डेअरीतलंच दूध आहे. आणि नोंदीची वेळ पाहा: शेवटची किटली ७:४० ला, बोगस कोडची नोंद ७:५५ ला. संगणक वेळ लिहून ठेवतो, यादी छापताना मात्र तो रकाना गाळतात. तो रकाना मागा.

त्या कोडधारकाकडे जनावर आहे का? जनावराच्या कानातल्या टॅगचे क्रमांक विचारायचे. २०२४ मध्ये गाईच्या दुधाच्या अनुदानासाठी टॅग आणि बँक खातं जोडावं लागलं होतं, त्यामुळे बऱ्याच संस्थांकडे ही माहिती तयार आहे. म्हशींचीही करून घ्यावी.

हाताने नोंद करायची सोय ('मॅन्युअल एंट्री') बंद करता येत नाही, वीज जाते, मशीन बिघडतं. पण दहा दिवसांत किती नोंदी हाताने झाल्या, कुठल्या कोडवर, याची यादी बिलासोबत समितीच्या सभेत वाचली गेली पाहिजे. ही यादी न मागणारा चेअरमन प्रामाणिक असेलही. पण तो न बघण्याचं काम करतोय.

पावशेर

आणि पाणी घालणारे सभासद? त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळा प्रामाणिकपणा चेअरमननेच करायचा?

डिग्रीवाला

रास्त. पण इथेही परीक्षा चेअरमनचीच होते. सामान्य माणसाचं पातळ दूध परत जातं आणि वजनदार माणसाच्या वेळी आतून निरोप येतो, "घे रे तेवढं." ते एक कॅन पुऱ्या गावाच्या दुधात मिसळतं आणि संघाकडून सगळ्यांचाच एसएनएफ कापला जातो.

रीत अशी असावी. एसएनएफ ठरलेल्या मर्यादेखाली आला की लगेच दुसरा नमुना, सगळ्यांसमोर. तोही तसाच आला तर दोन बाटल्या सील, उत्पादकाची सही. पुढच्या पाळीला गोठा नमुना: समितीचे दोघे गोठ्यात, धार त्यांच्यासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत, सगळं एकत्र ढवळून. गोठ्यातला एसएनएफ चांगला आणि डेअरीतला वाईट आला तर मग बोलायचं.

फक्त फॅट कमी आलं म्हणून चोर ठरवू नका. पहिल्या धारा पातळ असतात, शेवटच्या धारांत स्निग्धांश. वासराला शेवटचं पाजलं की डेअरीत फॅट कमी येणारच, त्यात भेसळ नाही. सकाळ-संध्याकाळचा फरकही असतो. पाणी पकडायचं ते एसएनएफ आणि डिग्रीवर. आणि कुणी डिग्री वाढवायला मीठ, साखर टाकत असेल तर ती वेगळी चाचणी, संघाकडे संच मिळतो.

सहकार_वाचक

कायद्याचं थोडक्यात. दूध संस्थेलाही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू.

आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा, सूचना १४ दिवस आधी. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल 'ओ' नमुन्यात द्यावा लागतो. सभेत लोक 'अ वर्ग मिळाला' एवढं ऐकून टाळ्या वाजवतात. मागायचा असतो तो दोष दुरुस्ती अहवाल. मागच्या वर्षीचेच दोष यंदा पुन्हा असतील तर तो अहवाल नुसता भरलेला आहे.

निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला, लाभांश जास्तीत जास्त १५ टक्के.

समितीच्या सदस्याचा संस्थेशी झालेल्या करारात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असणं अपात्रतेत मोडतं. दुधाची गाडी मेहुण्याची, पेंडीचं दुकान भावाचं, हे इथे येतं. नुसतं 'सभेतून उठून गेलो होतो' पुरत नाही. कोटेशन तीन असावीत आणि तिन्हीचं हस्ताक्षर एकच नसावं, हे गमतीने लिहीत नाही.

गडबड वाटली तर एकपंचमांश सभासदांच्या अर्जावर कलम ८३ खाली चौकशी होते. नुकसान सिद्ध झालं तर कलम ८८ खाली ते संबंधितांकडून वसूल होतं. समिती निर्णयाला एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदार असते, म्हणून एखाद्या ठरावाला विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्यायचा. बाहेर पारावर केलेल्या विरोधाला किंमत नाही.

निथळ

उचलीबद्दल लिहा कुणीतरी. संस्था बुडतात त्या फॅटने नाही, उचलीने.

ताळेबंद

अगदी. उचल द्यायची ती चालू दुधावर: मागच्या तीन बिलांची सरासरी काढायची, तिच्या निम्म्याच्या वर नाही, आणि पुढच्या बिलांतून ठरलेली कपात. हे माझं मोजमाप, तुमच्या सभेने वेगळं ठरवावं, पण एकच मोजमाप सगळ्यांना. बिघाड ठरलेला असतो: संचालक 'म्हैस आणायची आहे' म्हणून मोठी उचल घेतो, म्हैस येत नाही, दूध दुसऱ्या संस्थेत किंवा खासगी डेअरीला जातं आणि उचल 'येणे बाकी'त वर्षानुवर्षं तशीच बसते. ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून दिसते, म्हणून संस्था कागदावर तंदुरुस्त.

वार्षिक अहवालात संचालक आणि त्यांच्या घरच्यांकडचं येणं वेगळ्या यादीत, नावानिशी छापायचं. एवढी एक यादी बऱ्याच निवडणुका बदलेल.

पशुखाद्याचंही तसंच. पोत्यामागचं कमिशन संस्थेच्या खात्यात जमा दिसलं पाहिजे, आणि पोत्यांचा साठा महिन्यातून एकदा कुणीतरी मोजला पाहिजे. उधारीवर गेलेली पोती वहीत 'शिल्लक' दाखवायची सवय फार आहे.

पावशेर

एवढं सगळं सुरू करायचं म्हटलं तर नव्या चेअरमनने पहिल्या महिन्यात काय करावं? सगळं एकदम केलं तर सचिव दुसऱ्या दिवशी किल्ल्या टेबलावर टाकून जाईल.

ताळेबंद

जाईलच. म्हणून आधी त्याचा पगार. वाढीतून त्याची सोय चालली असेल (आणि समितीला ते माहीत असतं) तर ती बंद करताना पगार ठरावाने वाढवावा लागतो. वर्षाला दहा लाख वाढ गिळणाऱ्या संस्थेला सचिवाचा पगार दुप्पट करणं जड नाही.

मग क्रम बदलायचा, आधी काटा मग नमुना. त्याला पैसे लागत नाहीत आणि भांडणही होत नाही. मग काट्याचा टप्पा. मग करेक्शनचा पासवर्ड: सचिवाकडे नको, चेअरमनकडेही नको. अर्धा एकाकडे अर्धा दुसऱ्याकडे, आणि बदल केला की तारीख, जुना आकडा, नवा आकडा वहीत.

आणि फळा. दारात, रोज, दोन ओळी: काल उत्पादकांच्या नावावर लिहिलेलं वजन आणि सरासरी फॅट, काल संघाची पावती, वजन आणि फॅट. बेरीज-वजाबाकी लोक स्वतः करतात.

निथळ

फळ्यावर पहिल्या दिवशी ४० किलोचा फरक दिसला तर लोक अंगावर येतील.

ताळेबंद

येतील. म्हणून आधी काटा आणि क्रम सुधारून आठवडाभर आकडे स्थिर होऊ द्यायचे असं काहीजण सुचवतील. माझं मत उलट आहे, पहिल्या दिवसापासून लावा. सुधारणेआधीचे आकडे लपवले तर सुधारणा झाली हे तरी कळणार कसं?

मुऱ्हा

एक शंका. संघाची पावती दुसऱ्या दिवशी उशिरा येते, कधी दोन दिवसांनी. फळ्यावर 'काल' कसं लिहिणार?

वैरणकाडी

वजन गाडी भरतानाच गाडीच्या चलनावर असतं, ते लगेच लिहायचं. फॅटची जागा रिकामी ठेवायची आणि पावती आली की त्या तारखेसमोर भरायची. चार रिकाम्या जागा साचल्या तर संघाला फोन करायचा. फळा लहान असला तर दहा दिवस मावत नाहीत, साडेतीन बाय अडीच फुटांचा घ्या आणि आधीच रकाने ऑइल पेंटने आखून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळी हवेत खडू पसरतो.

मुऱ्हा

आणि गाई-म्हशीचं वेगळं?

वैरणकाडी

वेगळंच. एकत्र केलं की ६.८ आणि ३.९ ची सरासरी निघते आणि तिच्यात काहीही लपतं.